अनिकेत म्हणजे राहायचं कुठे? (गीता १२.१९)



आजचा श्लोक : अध्याय १२, श्लोक १९.

भक्ताची लक्षणं सांगत सांगत भगवंत आज इथवर आलेत. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच, जो बोलण्यात मोजका, जे मिळेल त्यात समाधानी, ज्याचं असं एक ठरलेलं घर नाही आणि तरी ज्याची बुद्धी ठाम आहे, तो भक्त मला प्रिय आहे, असं ते म्हणतात. ‘अनिकेत’ हा शब्द इथलाच. निकेत म्हणजे घर, ते नसलेला तो अनिकेत. आपल्याकडे मुलांची नावं ठेवतात ती याच्यावरूनच. माझ्या वर्गात दोन अनिकेत होते आणि दोघांच्याही घरच्यांनी फ्लॅट बुक करून ठेवलेत, पण ते असो.

हा श्लोक माझ्या वाचनात आला तो नेमका अशा आठवड्यात, जेव्हा मी स्वतःसाठी घर शोधत होते. म्हणून आजचं चिंतन जरा लांबेल. तुमच्यापैकी बरेच जण शेवटच्या सेमिस्टरला आहात, काहींच्या हातात ऑफर लेटर आहे आणि ‘लोकेशन प्रेफरन्स’चा रकाना रिकामा आहे. त्यांनी तरी पूर्ण वाचा.

तर झालं असं. कॉलेज संपलं, नोकरी लागली, पण महाराष्ट्रात नाही, कर्नाटकात. कंपनीने दोन पर्याय दिले, बंगळूर किंवा हुबळी. पगार सारखा. दहा दिवसांत कळवायचं. आमचं घर सोलापुरात. मी एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. आता ते चालतात-फिरतात, पण उजव्या हाताची पकड पूर्ण परत आली नाही. सही डाव्या हाताने करतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आयुष्यभर उजव्या हाताने वेळापत्रकं लिहिली त्यांनी.

मी एक्सेल शीट केली. भाडं, मेस, ऑफिसपर्यंतचा प्रवास, पुढे नोकरी बदलायची झाली तर संधी, घरी यायला किती तास, कन्नड किती लागेल. प्रत्येकाला दहापैकी गुण. बंगळूर पुढे गेलं. मग मी ‘घरी यायला किती तास’ या रकान्याचं वजन दुप्पट केलं आणि हुबळी पुढे गेलं. मला फार हलकं वाटलं. सगळ्यांना सांगून टाकलं की मी हुबळी घेतेय, आई-बाबांना जवळ पडेल.

आता ग्रंथाकडे येते, कारण त्या रात्री मी हेच वाचत बसले होते.

गीतेत जागेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात असं पहिल्यांदा वाटतं. सहाव्या अध्यायात (६.११) भगवंत ध्यानाला बसणाऱ्याला सांगतात की स्वच्छ जागा बघ, तिथे आपलं आसन पक्कं कर, फार उंच नको, फार खाली नको. म्हणजे जागा महत्त्वाची. बाराव्यात सांगतात की माझ्या भक्ताला घरच नसतं. म्हणजे जागा बिनमहत्त्वाची?

सहाव्या अध्यायातल्या या श्लोकावर ज्ञानोबा जे लिहितात ते एकदा सावकाश वाचा. एका ‘स्वच्छ जागे’साठी माउली किती वेळ थांबतात! जागा अशी असावी की सहज टेकलेल्या माणसाला उठावंसं वाटू नये. देव न मानणारा आला तरी त्याला तिथे तप करावंसं वाटावं, भोगात रमलेला राजा आला तर राज्य विसरून तिथेच राहावंसं वाटावं. झाडं दाट, गोड फळांची. पावलोपावली पाणी. ऊन सौम्य, वारा मंद. आवाज फारसा नको, पण पाण्याकाठी एखाददुसरा पक्षी असला तर असू दे, कोकिळा कधीतरी, मोर येऊन-जाऊन असले तरी हरकत नाही. जवळ एखादा मठ किंवा शिवाचं देऊळ. मला हसू आलं, कारण मी दिवसभर भाड्याच्या घरांच्या जाहिरातींवर हेच शोधत होते. पाणी चोवीस तास आहे का, खिडकीसमोर काय आहे, रस्त्याचा आवाज किती. म्हणजे जागेचा विचार करणं ही काही संसारी माणसाची हलकी खोड नाही. माउलींनी तो इतक्या मायेने केलाय.

आणि बाराव्या अध्यायात ‘अनिकेत’ आला की हेच ज्ञानोबा त्याचा अर्थ बेघर असा लावत नाहीत. ते वाऱ्याकडे बोट दाखवतात. वाऱ्याचं घर कुठलं? एका जागी नाही, म्हणून तर सगळं आकाशच त्याचं. तसं या भक्ताला अवघं जगच आपलं घर वाटतं. म्हणजे घर गेलेलं नाही, घराच्या भिंती लांब सरकल्यात.

यावर नेहमीचं उत्तर असं की सहावा अध्याय साधकासाठी आणि बारावा सिद्धासाठी. आपण साधक, तेव्हा आपण जागा निवडावी, सिद्ध झालो की सोडावी. उत्तर बरोबर असेल, पण मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. कारण त्याने माझा प्रश्न सुटत नव्हता. मला काय निवडू हे कळत नव्हतं असं नाहीच. मी निवडलं होतं. तरीही झोप येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शीट बघायला मागितली. मोबाईल डाव्या हातात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “हे तासांचं वजन दुप्पट का केलंस?”

म्हटलं, “तुमच्यासाठी. तुम्हाला काही झालं तर मला लवकर येता यावं.”

बाबा एसटीतले असले तरी रेल्वेचं वेळापत्रकही त्यांना तोंडपाठ. म्हणाले, “हुबळीहून गाडी विजापूर, होटगी करत येते. सात-आठ तास धर. बंगळूरहून रात्री बसलीस तर झोपेत येशील, सकाळी दारात. मग जवळ काय पडलं? रजा तर एकच जाणार.” आणि मग, अगदी हळू, “बाळा, माझ्या हाताला कारण करू नकोस.”

मी उठून आत गेले. खरं सांगते, राग आला होता. मी त्यांच्यासाठी एवढं करतेय आणि हे असं बोलतात! आईने नुसतं एवढंच विचारलं, “चहा टाकू का ग?” आणि टाकलाही.

राग उतरल्यावर जे खाली उरलं ते असं. मला बंगळूरची भीती वाटत होती. मुलाखतीला गेले होते तेव्हा त्या काचेच्या इमारतीत, लिफ्टमध्ये, सगळे फाडफाड इंग्रजीत बोलत होते आणि मी मजल्याचं बटण दाबायचं सोडून उभी राहिले होते, दोन मजले वर जाऊन जिना उतरून आले. मैत्रिणीच्या पीजीत राहिले त्या रात्री वाटलं की इथे आपण पाण्यात पडलेल्या मिठासारखे नाहीसे होऊ. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शीटमध्ये ‘भीती’ असा रकानाच नव्हता. मग मी ती बाबांच्या रकान्यात लपवली.

इथे मला गीतेचा पहिला अध्याय आठवला, ज्यावर आपण फारसं चिंतन करत नाही. अर्जुन काय म्हणतो? कुळाचा नाश होईल, कुलधर्म बुडेल, पितर उपाशी राहतील. यातलं एकही कारण वाईट नाही. एखाद्या गुणी मुलाने द्यावीत अशी कारणं आहेत. आणि दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्या कारणांना एकेक करून उत्तर देत बसत नाहीत. ते थेट म्हणतात की हा मनाचा दुबळेपणा आहे, टाक तो. म्हणजे कारणं खरी असतील, पण अर्जुन ज्यामुळे खाली बसला ते कारण यात नव्हतंच. अर्जुनाची आणि माझी तुलना नको, त्याच्यासमोर युद्ध होतं, माझ्यासमोर लिफ्ट. पण लपवाछपवीची पद्धत तीच.

आणखी एक. अठराव्या अध्यायात (१८.१४) कुठलंही कर्म घडायला पाच गोष्टी लागतात असं सांगितलंय. अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. पहिलंच अधिष्ठान, म्हणजे आधार, जागा. आचार्य त्याचा अर्थ शरीर असा करतात, कारण कर्म शरीराच्या आधाराने होतं. आणि पुढे (१८.१६) म्हटलंय की हे पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हे आपण नेहमी ‘अहंकार सोडा’ या अर्थाने वाचतो. मी कोण करणारी, करता-करविता तो. बरोबरच आहे. पण मी जे केलं त्यातही ‘मी करणारी नाही’ असंच होतं की! मी हुबळी निवडली नाही, बाबांच्या आजाराने निवडली, असंच मी जगाला सांगत होते. दिसायला ते कर्तेपण सोडल्यासारखंच दिसतं. मात्र सोडलेलं कर्तेपण देवाकडे जातं आणि माझं कर्तेपण जाऊन बसलं होतं एका आजारी माणसाच्या खांद्यावर. उद्या हुबळीत करिअर अडलं असतं तर मी मनातल्या मनात हिशेब कुणाच्या नावे मांडला असता? बाबांना हे माझ्याआधी दिसलं. वाहतूक नियंत्रकाला गाडी कुणामुळे लेट झाली हे वहीत लिहावं लागतं, कदाचित त्यामुळे.

काही जण म्हणतील, म्हणजे आई-वडिलांसाठी जवळ राहणं चूक का? पुंडलिकाचं काय? थांबा. पुंडलिकाची गोष्ट मला प्राणप्रिय आहे आणि मी ती कधीच खोटी म्हणणार नाही. पण त्या गोष्टीत पुंडलिक दोन शहरांची तुलना करत बसलेला नाही. समोर आई-वडिलांचे पाय आहेत, ते तो चेपतोय, आणि देव आला तरी वीट सरकवून म्हणतो, थांब जरा. त्याचं कारण आणि त्याचं काम एकच आहे. मी आई-बाबांचे पाय चेपणार नव्हते, मी तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर राहून त्यांच्या नावाने गुण मिळवणार होते. ज्या मुला-मुलींना खरंच घरी राहावं लागतं, रोज दवाखान्याच्या रांगेत बसावं लागतं, त्यांना मी नमस्कार करते. त्यांच्याबद्दल हे नाही.

उलट बाजूनेही बघा. ‘अनिकेत’ हा शब्द धरून घरातून निसटणंही तितकंच सोपं आहे. मी तर सगळं जग घर मानणारी, मला कसलं गाव, कसले आई-बाप! स्टेटसला छान दिसतं. पण भागवतातले कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला गेले ते पुन्हा तिथे राहायला आले नाहीत, तरी त्यांनी उद्धवाला पाठवलं, आणि उद्धव काही महिने व्रजात राहिला, नंद-यशोदेजवळ बसला. पुढे सूर्यग्रहणाच्या पर्वात कुरुक्षेत्रावर भेट झाली तेव्हा यशोदा रडली. तिथे भगवंत तिला वैराग्य शिकवत नाहीत. आणि मथुराही सोडावी लागली ती जरासंधाच्या स्वाऱ्यांमुळे. सतरा वेळा त्याला परतवून लावल्यावर, दुसऱ्या बाजूने कालयवन आला तेव्हा कृष्णाने समुद्रात नगरी वसवून सगळ्या माणसांना तिथे नेलं. जागा बदलली, माणसं सोबत घेतली. त्याला आजही लोक रणछोड म्हणून हाक मारतात आणि त्या नावाने डाकोरला पूजाही करतात. त्याने आपल्या पळण्याला दुसरं गोंडस नाव दिल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

आपल्या विठोबाचंच घ्या. ज्ञानोबांनी त्याला कानडा म्हटलं. परंपरा सांगते की विजयनगरच्या राजाने त्याची मूर्ती हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास जाऊन ती पंढरीला परत घेऊन आले. म्हणजे आमचा देवही काही दिवस कर्नाटकात राहून आलाय. हे आईला सांगितलं तर म्हणाली, “मग त्याला तिथलं पाणी सोसलं असेल, तुला सोसतंय का बघ.”

त्या संध्याकाळी बाबांजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, लिफ्टसकट. म्हटलं, “मला बंगळूरची भीती वाटते. म्हणून हुबळी हवं होतं.”

मला वाटलं, ते आता धीर देतील, नाहीतर ‘भीतीला तोंड दे’ असलं काहीतरी म्हणतील. बाबा म्हणाले, “हे चालेल. हे तुझं आहे.” मग थोडं थांबून, “आता परत बघ, तेच हवंय का.”

मग मी ते वजन पुन्हा एकेरी केलं, शीट बंद केली आणि हुबळीला जाऊन आले. गाडी वाटेत निंबाळला लागते. गुरुदेव रानड्यांचं निंबाळ. इतके दिवस नाव नुसतं पुस्तकावर वाचलं होतं. जमखंडीत जन्मलेला हा माणूस अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला गेला, तिथे कुलगुरू झाला, आणि शेवटी या माळावरच्या लहानशा गावात येऊन राहिला. १९५७ साली इथेच देह ठेवला. खिडकीतून बघितलं तर माउलींच्या यादीतलं फार काही दिसलं नाही. ना पावलोपावली पाणी, ना मोर. कोरडा माळ, बाभळी आणि ऊन. एवढं जग बघून आलेल्या माणसाला इथे उठावंसं वाटलं नाही, यावर मी उरलेला प्रवास विचार करत होते. अजून करतेय.

राहायला धारवाड बघितलं, हुबळीपासून साधारण वीस किलोमीटर, बीआरटीएसची बस आहे. जुन्या घरातली वरची खोली. खालच्या आजी कन्नड बोलतात, मी सोलापुरी कन्नड बोलले तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. शेजारून कुणी सतार वाजवत होतं, सारखा एकच पलटा. धारवाड बेंद्र्यांचं गाव. कन्नडचे एवढे मोठे कवी, ज्ञानपीठ मिळालेले, घरची भाषा मराठी, आणि आमच्या सोलापुरात कितीतरी वर्षं प्राध्यापक होते. ते तिकडून इकडे आले होते, मी इकडून तिकडे चाललेय, एवढंच साम्य, पण बरं वाटलं.

खोलीत खिडकीजवळ बसले आणि खरंच उठावंसं वाटेना. भीती तेव्हाही होतीच, गेली नव्हती. पण तिच्या शेजारी दुसरंही काहीतरी होतं. हुबळीच घेतलं. कंपनीला लिहिताना ‘कौटुंबिक कारण’ असा पर्याय होता, तो निवडला नाही. ‘वैयक्तिक’ निवडला आणि वर्षभराने बंगळूरचा विचार करता येईल का, असंही विचारून ठेवलं. चूक ठरू शकते. बंगळूरमध्ये शिकायला जे मिळालं असतं ते इथे मिळणार नाही, हे मला दिसतंय. ती चूक झालीच तर वहीत माझ्या नावावर लिहिली जाईल.

गंमत पुढे आहे. मी आधीच सगळ्यांना ‘आई-बाबांसाठी’ म्हणून सांगून बसले होते ना! ती बातमी आता गल्लीभर झालीय. रोज कुणीतरी कौतुक करतं. निंदा सारखी मानणं मला एक वेळ जमेल, सवय आहे. स्तुतीचं काय करायचं? विशेषतः जी आपली नाहीच, ती? काल समोरच्या काकू आल्या. आईला म्हणाल्या, “किती गुणी पोरगी ग, आजकाल कोण करतंय आई-बापासाठी एवढं!” आई माझ्याकडे बघत होती. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते.

म्हटलं, “नाही काकू. मला बंगळूरची भीती वाटली म्हणून हुबळी घेतलं.”

काकूंनी क्षणभर बघितलं माझ्याकडे. मग म्हणाल्या, “होय का? बरं. धारवाडला जाणारेस तर पेढे आण की येताना. आपल्याकडे मिळतात ते खरे नसतात.”

उद्या २०वा श्लोक, बाराव्या अध्यायातला शेवटचा. परवापासून मी दोन दिवस सामान बांधण्यात असेन, चिंतन उशिरा येईल.

राम कृष्ण हरी.